कार्ड गावाला आणि माणसं भट्टीवर

लॉकडाऊनमध्ये रेशनवर मोफत धान्य होतंच, मग संस्थांनी वेगळे किट वाटायची काय गरज होती, असं काही जण विचारतात. धान्य होतं हे खरं. एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो मिळत होतं, पण ते कार्डावर नाव असलेल्यांना. आमच्या रायगडातली कातकरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. मार्चअखेर लॉकडाऊन लागला तेव्हा ती भट्टीवरच होती आणि कार्ड वाडीवर, कुणाचं सावकाराकडे गहाण. नुकतं लग्न झालेल्यांचं तर नावच कुठल्या कार्डावर नव्हतं. काम थांबलं तशी आठवड्याची खर्चीही थांबली, आणि हंगामाआधी मालकाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) डोक्यावर तशीच.

मी तेव्हा एका छोट्या संस्थेच्या टेम्पोबरोबर जायचो. पहिल्या फेरीत आम्ही तांदूळ आणि डाळ एवढंच नेलं होतं. एका आजीने पिशवी उघडून बघितली, बाजूला ठेवली आणि हळूच विचारलं, "मीठ हाय का? न् काडेपेटी?" तीन दिवस शेजारच्या चुलीतला निखारा आणून ती चूल पेटवत होती. दुकान दोन कोसांवर, रस्त्यात पोलीस. पुढच्या फेरीपासून मीठ, मिरची, तेल, काडेपेटी आणि अंगाचा साबण आधी भरायला लागलो, तांदूळ नंतर. शिवाय प्रत्येक झोपडीत कार्ड कुठे आहे ते वहीत लिहून घेतलं. ती यादी तहसील कचेरीत दिल्यावर बऱ्याच जणांना जूनमध्ये धान्य सुरू झालं.