गोधडी मधोमध फुगली आहे. उसवू की तशीच पुढे नेऊ?

सुई_नंबर_९

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. प्रश्न शेवटी आहे, पण थोडं पाल्हाळ लावल्याशिवाय मला तो विचारता येणार नाही.

मी गोधड्या शिवते. तुकडे जोडायचे ते मशीनवर, पण तिन्ही थर (वरचं कापड, मधली भरण, खालचं अस्तर) एकत्र शिवायचे ते हातानेच. ही अकरावी. आधीच्या दहा कुणाकुणाच्या अंगावर गेल्या. ही पहिल्यांदा स्वतःसाठी घेतली आणि नेमकी हीच नाठाळ निघाली.

सकाळी घर जागं व्हायच्या आधीचा तास-सव्वा तास माझा. खिडकीशी खुर्ची, डाव्या अंगाने उजेड, गोधडीचा ढीग मांडीवर. आदल्या रात्रीच दहा सुया ओवून ठेवते, कारण पहाटे माझे डोळे आणि चष्मा यांचं एकमत व्हायला वेळ लागतो. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नाही. हाव धरून लांब घेतला की पीळ बसतो, गाठी होतात आणि वाचवलेला वेळ सोडवण्यात जातो. दहा सुया संपल्या की उठायचं. हा नियम मी रोज मोडते.

रिकामी रिळं एका बरणीत टाकते. उपयोग काही नाही. भरत आलेली बरणी बघायला बरं वाटतं, एवढंच.

आणि हो, घरात कुणाच्याही शर्टाची कॉलर विरली की माझी नजर त्याच्या पाठीवर जाते. शर्टाचं सगळ्यात मोठं सलग कापड पाठीला असतं, बाह्यांत फार काही निघत नाही. परवा आमच्याकडे एकाने आपला निळा चौकडीचा शर्ट कपाटात सगळ्यांच्या खाली दडवून ठेवलेला मला सापडला. मी काही बोलले नाही. वाट बघेन.

तर ही गोधडी. चार इंची ३०० चौकोन, आडवे १५ नि उभे २०, भोवती पाच इंचांचा काठ. काठावर लाटांची नक्षी काढली होती आणि ती शिवायची इतकी घाई झाली की मी चारी काठ आधी उरकले. मग आत आत येत गेले. आता मधला साधारण हातभर भाग उरलाय आणि तिथे वरचं कापड फुगून आलंय, जणू खाली मांजर झोपलंय. थापटलं की मांजर कूस बदलतं, जात नाही.

उसवू का? दोन महिन्यांच्या सकाळी आहेत हो त्यात.

पाव_इंच

ताई, उसवायचं नंतर ठरवू. आधी गोधडी उलटी करा आणि अस्तर बघा.

अस्तरावर चुण्या असतील तर टाचताना, म्हणजे शिवण्याआधी थर तात्पुरते एकत्र धरून ठेवताना, अस्तर ढिलं राहिलं. अस्तर सपाट आणि फक्त वरचा थर फुगलेला असेल तर दोन शक्यता. एक, अस्तर जास्त ताणून टाचलं होतं. ताण सुटल्यावर ते आखडलं आणि वरचं कापड त्याच्यापेक्षा मोठं पडलं. दुसरी, वरचा थर मुळातच मधे मोठा आणि कडेला लहान आहे. त्यासाठी टेप घ्या. मधोमध आडवं माप आणि वर-खाली दोन्ही कडांची मापं, तिन्ही लिहून ठेवा. सारखी यायला हवीत.

तुम्ही १५ चौकोन म्हणालात, म्हणजे एका ओळीत १४ जोड. शिवण पाव इंचाच्या ऐवजी एक मिलिमीटर जरी जास्त आत गेली, तरी प्रत्येक जोड दोन्हीकडून मिळून दोन मिलिमीटर कापड खातो. १४ जोडांत २८ मिलिमीटर. काही ओळी नेमक्या आणि काही खादाड असल्या की असे फुगे येतात. माझं टोपणनाव उगाच नाहीये.

आणि काठ आधी शिवलात हे वाचून मी कपाळावर हात मारला. तीन थर टाचलेले असले की मधून सुरुवात करून बाहेर जायचं. थरांमधली जी काही ढिलाई असते ती पुढे पुढे सरकत कडेला निघून जाते. तुम्ही चारी दरवाजे आधीच बंद केलेत, मग ती जाणार कुठे?

ढिला_टाका

मी जरा वेगळं बोलते. इतकं घाबरू नका.

सुती कापड पहिल्या धुण्यात आखडतंच, नवं असेल तर शंभराला तीन ते पाच सहज. धुऊन वाळली की सगळ्या गोधडीभर बारीक चुणी येते, आणि लहानसहान फुगे त्या चुणीत मिसळून जातात. माझ्या पहिल्या गोधडीत असे तीन फुगे होते. आता मला स्वतःलाच शोधून सापडत नाहीत. तिच्याखाली झोपणाऱ्याने तर एकदाही तक्रार केली नाही, तो घोरत असतो.

माझी कसोटी अशी: तळहाताने फुगा चहूबाजूंनी हलके सारून बघायचा. कापड टाक्यांमध्ये विरून सपाट बसलं तर पुढे चला, तिथे ओळी जरा जवळजवळ घ्या. दुमड पडून उभी राहिली तर मात्र धुण्याने काही होणार नाही. ती दुमड टाक्याखाली सापडली की कायमची.

पाव_इंच

धुण्यावर भरवसा ठेवण्याआधी एक गोष्ट. गडद रंगांवर ओला पांढरा रुमाल दाबून बघा, विशेषतः लाल नि गडद निळा. रुमालाला रंग लागला तर फुग्याचं दुःख विसरायला लावेल असं काहीतरी धुतल्यावर बघायला मिळेल. शिवण्याआधी प्रत्येक कापड धुऊन घ्यायचं हे मी दरवेळी सांगतो, आणि दरवेळी लोक ‘जुनंच आहे की’ म्हणतात.

सुई_नंबर_९

दोघांचे आभार. माहिती देते.

अस्तर स्वच्छ, एक चुणी नाही. मापं घेतली: मधलं आणि खालची कड सारखी, वरची कड फक्त अर्धा सेंटीमीटर कमी. म्हणजे शिवणीचा दोष एवढा नाही (पाव इंच, ऐकताय ना).

मग टाचण आठवलं. फरशीवर अस्तर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली होती, आणि ढोलकीसारखं ताणलं होतं. टिचकी मारून बघितल्याचंही आठवतंय. मला फार अभिमान वाटला होता त्या दिवशी.

सारून बघितलं. दुमड उभी राहते.

आणि लाल आहे. जुनंच आहे की.

कडेकडेने

चर्चा वाचून राहवलं नाही, कारण मी नेहमीच कडेपासून शिवते आणि माझ्या गोधड्या फुगत नाहीत.

कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्या कवंदी (त्यांच्याकडची गोधडी) शिवतात ती पद्धत बघा. त्यात वरचा थर आधी जोडून तयार करतच नाहीत. अस्तराची कड आत दुमडायची, कोपऱ्यापासून पहिलं ठिगळ ठेवायचं, त्याचीही कड दुमडायची आणि धावदोरा घालत गोधडीच्या कडेकडेने पुढे जायचं. एक फेरा झाला की त्याच्या आत दुसरा. पुढचं ठिगळ मागच्या ठिगळाची कच्ची कड झाकतं. असं चौकोनी गोल फिरत फिरत मध्यावर येऊन थांबायचं. कड झाकायला वेगळा गोट (कडेची पट्टी) लावावा लागत नाही. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची छोटी फुलं लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात.

इथे फुगा का येत नाही? ठिगळ ठेवताना तुम्ही ते अस्तरावर त्या क्षणी जसं बसतं तसंच बसवता. ढिलं वाटलं तर दुमड थोडी जास्त घेता. साठत जाणारी ढिलाई नसतेच. म्हणून कडेपासून शिवणं ही चूक नव्हे. आधी सगळा थर मापून बांधून घ्यायचा आणि मग कडेपासून शिवायचं, ही चूक. दोन पद्धतींची सुरुवात वेगळी आहे, तुम्ही एकीची सुरुवात आणि दुसरीचा रस्ता घेतलात.

या गोधडीला त्याचा उपयोग नाही, हे कळतंय मला. पण बारावी शिवाल तेव्हा बघा. सकाळच्या तासाला फार छान काम आहे. टाचायचं नाही, फरशीवर रांगायचं नाही, एक ठिगळ आणि एक सुई.

ढिला_टाका

फरशीवर रांगायचं नाही हे वाचूनच मी बाजू बदलली.

ताई, दुमड उभी राहते म्हणालात, तेव्हा माझा सल्ला मागे घेते. उसवा. पण सगळं नको! दोन लगतच्या बाजूंचे काठ सोडा आणि तिथून मधल्या भागापर्यंतचं. उरलेल्या दोन बाजू राहू द्या. ढिलाईला बाहेर पडायला एक कोपरा पुरतो.

पाव_इंच

+१. उसवताना दोरा ओढत बसू नका, कापड रडतं. दर चौथा-पाचवा टाका कापा, मग उलट्या बाजूचा दोरा अलगद निघून येतो. आणि पुन्हा टाचताना अस्तर सपाट ठेवा, ताणलेलं नको. टिचकी मारू नका.

भरणीच्या पाकिटावर शिलाईच्या दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असतं, तेही बघून ठेवा. मधला भाग शिवायचा कंटाळा आला म्हणून ओळी विरळ केल्या तर धुतल्यावर आतली भरण गोळा होते.

सुई_नंबर_९

तीन आठवड्यांनी येतेय. कुणी विचारलं नाही तरी सांगणार आहे.

उसवलं. उजवा नि खालचा काठ, आणि तिथून मध्यापर्यंतचं सगळं. नऊ सकाळी गेल्या. उसवताना एक गंमत कळली, ती तुम्हाला माहीत असेल तर हसा. उलट्या बाजूने टाके वाचता येतात. सकाळचे टाके इंचाला सात-आठ, एकसारखे, दोरा कापडावर नुसता टेकलेला. मग मधेच हातभर पट्टा असा, की इंचाला पाच, आणि प्रत्येक टाका आवळून धरलेला. तो मी संध्याकाळी फोन कानाला लावून शिवला होता. कुणाचा फोन होता आणि विषय काय होता तेही आठवलं. तो पट्टा फुग्याच्या बाजूचा नव्हता, तरी उसवून टाकला.

सोडवलेला भाग टेबलावर घेऊन मधून बाहेर सारत पुन्हा टाचला. वीत-वीत अंतरावर कच्चे टाके, टाचण्या नाहीत. मांडीवर घेऊन शिवताना टाचण्या मलाच टोचतात. मग मध्यापासून बाहेर शिवत गेले. प्रत्येक ओळीच्या शेवटी गाठ आत ओढून भरणीत लपवायची, तो टक् आवाज आला की मला पुढच्या ओळीचा हुरूप येतो. लाटांची नक्षी शेवटी. फार कठीण गेलं ते, नक्षी समोर दिसत असताना सरळ ओळी शिवणं.

मांजर उठून गेलं. अस्तर सगळ्या बाजूंनी चार बोटं जास्तीचं ठेवलं होतं. डाव्या नि वरच्या बाजूला ते अजून चार बोटं आहे, उजव्या बाजूला अडीच उरलंय. म्हणजे मांजर दीड बोटाचं होतं. एवढ्यासाठी नऊ सकाळी.

आता गोट लावायचा राहिलाय. उरेब (तिरकी) पट्टी कापायला कापड कमी पडतंय. त्याच रंगाच्या जवळचं घरात एकच आहे, निळं, चौकडीचं. काल कपाट उघडलं तर शर्ट जागेवर नव्हता. जागा बदललेली दिसतेय.

लालवर ओला रुमाल दाबून बघितला. गुलाबी झाला.

पाव_इंच

किती गुलाबी?

सुई_नंबर_९

बराच. तूर्त घडी घालून ठेवलीय, त्यावर नवीन धागा काढेन.