‘टर्न ऑफ इट’ का चालत नाही?

एकाने विचारलंय की इंग्रजीत ‘टर्न ऑफ द फॅन’ (पंखा बंद कर) बरोबर, मग ‘टर्न ऑफ इट’ का चूक? ‘टर्न ऑफ’ ही क्रियापद नि छोट्या शब्दाची जोडी, म्हणजे फ्रेझल व्हर्ब. इट, देम, हिम अशी सर्वनामं आली की ती मधेच घुसतात: ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक देम अप’. नाम असेल तर मधे किंवा शेवटी, दोन्हीकडे चालतं. पण ‘लुक आफ्टर’ची जोडी फुटत नाही, ‘लुक हर आफ्टर’ कुणी म्हणणार नाही. कुठली फुटते नि कुठली नाही, हे वाक्यासकटच डोक्यात बसतं. म्हणून अशा जोड्यांची नुसती यादी पाठ करा, हा सल्ला मला काही पटत नाही.

आणि जोडीत शब्दाचा मूळ अर्थ हरवणं, हे प्रकरण आपल्याला मराठीत परकं कुठंय? ‘सांगून टाकलं’ म्हणजे मोकळा झालो, ‘सांगून ठेवलं’ म्हणजे पुढची तजवीज, ‘सांगून बसलो’ म्हणजे आता पस्तावतोय. यात टाकण्याचा, बसण्याचा मूळ अर्थ शोधून दाखवा!

एक मात्र सांभाळा. ‘आय पास्ड आउट इन २००९’ हे मी एका अमेरिकन माणसाला मुलाखतीत ऐकवलं होतं. त्याने काळजीने विचारलं, आता तब्येत कशी आहे? तिकडे पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. पदवीसाठी सरळ ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.