भंगारवाल्याला ई-कचऱ्याच्या नियमात जागा का नाही?

मुठाकाठची
गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत ई-कचरा न्यायला टेम्पो आला होता. आईकडचा जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही, जळलेला मिक्सर, तीन मोबाईल आणि वायरींची पिशवी घेऊन खाली गेले. मोबाईल लगेच घेतले, टीव्हीला मात्र नको म्हणाले, त्यात काढण्यासारखं काही नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या भंगारवाल्या काकांनी तोच टीव्ही नेला आणि वर शंभर रुपये दिले. आता त्याचं पुढे काय होतं हे आपल्याला माहितीये, पिक्चर ट्यूबची मागची मान फोडायची, तांब्याची कॉईल काढून घ्यायची आणि शिसं असलेली काच कुठल्यातरी ओढ्याच्या कडेला टाकायची.

2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. 106 प्रकारच्या वस्तू त्यात आहेत, आधी 21 च होत्या, हे चांगलंच झालं. पण नोंदणी कोणाची? वस्तू बनवणारा, ब्रँडने बाजारात आणणारा, दुरुस्त करून विकणारा आणि रिसायकलर, बस. 2016 च्या नियमात निदान कलेक्शन सेंटर आणि सुटे भाग करणारे वेगळे धरले होते. जो माणूस रोज माझ्या दारात येतो तो कुठेच नाही. आणि आपला माल रिसायकल झाल्याचा पुरावा म्हणून कंपन्यांनी रिसायकलरकडून जी सर्टिफिकेटं विकत घ्यायची ती निघतात सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चारच धातूंवर. मग शिशाच्या काचेसाठी टेम्पो कशाला थांबेल? माझं स्पष्ट मत आहे, भंगारवाल्यांना नियमात आणल्याशिवाय हे सगळं कागदावरच राहणार.

शेडमधला_केमिकलवाला
ताई, तुमची तळमळ पटते पण उपाय अजिबात पटला नाही. मी 6 वर्षं रिसायकलिंग प्लांटमध्ये काढलीयेत. आमच्याकडे सर्किट बोर्ड फोडतात ते बंद मशीनमध्ये, धूळ ओढायला वेगळी यंत्रणा, ॲसिडचं पाणी बाहेर सोडायच्या आधी प्रक्रिया, आणि उरलेला धोकादायक माल तळोजा नाहीतर रांजणगावला घातक कचऱ्याच्या केंद्रात पैसे भरून पाठवायचा. हा सगळा खर्च आहे. भंगारवाल्याला हा खर्चच नाही म्हणून तो तुम्हाला शंभर रुपये देऊ शकतो. ते शंभर रुपये कुणाच्या तरी फुफ्फुसातून आलेत हो.

मुरादाबादला रामगंगेच्या काठावर धातू काढायला वर्षानुवर्षं बोर्ड जाळून राख धुतली, दिल्लीत सीलमपूरला घराघरात ॲसिडचे टब. अशा कामाला ओळखपत्र देऊन कायदेशीर करायचं का? कंपनीने बाजारात आणलेल्या जुन्या मालापैकी किती रिसायकल करून घ्यायचा याचं नियमात टार्गेट आहे, पहिली दोन वर्षं 60 टक्के, मग 70, 2027-28 पासून 80. कंपनीला कुणाकडून तरी हा माल रिसायकल करून घ्यावाच लागणार. दबाव वरून आला की माल आपोआप प्लांटकडे वळेल, थोडा वेळ द्या.

कुर्ला_ते_कल्याण
आपोआप काही वळत नाही साहेब. माझे मामा कुर्ल्याच्या भंगारात होते, 20 वर्षं. वायर जाळायची रात्री, कारण दिवसा धूर दिसतो. मामांना माहीत होतं ते विषारी आहे, बोटांची कातडी निघायची. पण सोललेल्या तांब्याला जो भाव तो वायरीसकट मिळत नाही आणि संध्याकाळी घरी रोख पैसे न्यायचे असतात. तुमच्या प्लांटला माल द्यायचा तर बिल पाहिजे, जीएसटी नंबर पाहिजे, गाडीभर माल पाहिजे आणि पैसे महिन्याने. कोण देणार?

ॲसिड आणि जाळणं बंदच करा, मी स्वतः सांगतो बंद करा. पण गोळा करणं आणि स्क्रू काढून भाग वेगळे करणं यात काय विष आहे? ते काम आमच्या लोकांइतकं कुणाला येत नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका 2008 पासून दारोदार कचरा घेतात, महापालिकेशी करार आहे, ओळखपत्र आहे. मग ई-कचऱ्याला तसं का नाही करता येत?

डीलर_नगररोड
दुकानदाराची बाजू पण ऐका. सप्टेंबर 2024 मध्ये कंपन्यांनी रिसायकलरला द्यायचा किमान दर सरकारने ठरवला, टीव्ही-फ्रिज वगैरेला किलोला 22 रुपये, स्मार्टफोनला 34. मोठमोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्यात, खर्च कित्येक पट वाढला म्हणतात. 60 किलोचा फ्रिज धरा, ढोबळ हिशोबाने तेराशेच्या वर गेलं. हे शेवटी गिऱ्हाईकच भरणार, कंपनी खिशातून घालणार नाही. माझ्या मते बाजारभाव बाजारालाच ठरवू द्यावा.

शेडमधला_केमिकलवाला
@डीलर_नगररोड बाजाराने ठरवला तेव्हा काय झालं ते मी बघितलंय. इतक्या स्वस्तात सर्टिफिकेट मिळायचं की खरं काम करणाऱ्या प्लांटचं वीजबिल निघायचं नाही आणि कागद रंगवणारा मात्र मजेत. प्लास्टिकच्या बाबतीत बनावट सर्टिफिकेटं सापडलीच होती ना. तेराशे रुपये फ्रिजच्या 10-12 वर्षांच्या आयुष्यावर वाटा, वर्षाला शंभर-सव्वाशे होतात. ते द्यायलाच पाहिजेत, मला यात काही चूक वाटत नाही.

सोल्डरिंग_मास्तर
सगळे मेल्यानंतरचं बोलताय, वस्तू जगवायचं कोणी बोलेना. माझं टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, सातारा जिल्ह्यात. आजकालच्या टीव्हीत एका बोर्डवर सगळं, सर्किट डायग्राम कंपनी देत नाही, सुटा पार्ट देत नाही, मोबाईलची बॅटरी गोंदाने चिकटवलेली. गिऱ्हाईक विचारतं किती खर्च, मी सांगितलं की म्हणतं राहू द्या नवीनच घेतो. सरकारने डिसेंबर 2022 ला राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, मे 2025 मध्ये एका समितीने रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा अहवाल पण दिला, म्हणजे फ्रिजवर विजेचे स्टार असतात तसं वस्तू किती सहज दुरुस्त होते त्याचा आकडा खोक्यावर. हे लवकर सक्तीचं करा. कंपनीला सोल्डर शिसं नसलेलं वापरायला लावता येतं, शिशाची मर्यादा 0.1 टक्का ठरवता येते, तर पार्ट विकायला का लावता येत नाही? ज्या टीव्हीला मी आणखी 5 वर्षं चालवतो त्याचा 5 वर्षं कचरा होत नाही, याला पण ग्रीनच म्हणतात ना.

डीलर_नगररोड
मास्तर, पार्ट ठेवायला गोडाऊन लागतं, मॉडेल दर सहा महिन्याला बदलतं. बोलायला सोपं आहे.

सोल्डरिंग_मास्तर
मग मॉडेल बदलायचं कमी करा. माझ्याकडे 15 वर्षांपूर्वीच्या टीव्हीचे कपॅसिटर अजून मिळतात.

माळरान_धुळे
आमच्याकडचा प्रश्न कोणी घेत नाही म्हणून लिहितो. सोलर पंप गावोगाव बसलेत, चांगली योजना आहे, रात्रीचं पाणी भरणं वाचलं. पण गारपिटीत माझ्या भावाचे दोन पॅनल तडकले. नवे बसवून गेले, जुने दोन बांधावर उभे आहेत, सात महिने झाले. नियमात सोलर पॅनल आलेत, कंपन्यांनी ते 2034-35 पर्यंत साठवून ठेवायचे असं लिहिलंय. बरं, मग इथून नेणार कोण? पोरं त्यावर दगड मारतात. भंगारवाला फक्त ॲल्युमिनियमची फ्रेम मागतो, काच तुमच्याकडेच ठेवा म्हणतो.

मुठाकाठची
@माळरान_धुळे दादा, हेच ते! तुमची काच आणि माझ्या टीव्हीची काच, दोन्हीची गोष्ट सारखीच. पैसा ज्याच्यात आहे तेवढं सगळे उचलतात. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने महत्त्वाची (क्रिटिकल) खनिजं कचऱ्यातून काढायला 1500 कोटींची योजना मंजूर केली, मला आनंद झाला, कारण बॅटरीतलं लिथियम-कोबाल्ट परत मिळायलाच हवं. पण तो पैसा पण प्लांट उभारायला आणि चालवायला. दारापासून प्लांटपर्यंतचा जो रस्ता आहे त्याच्यासाठी काय?

आज सकाळी भंगारवाल्या काकांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "ताई, मी काही जाळत नाही, मी पुढे कुर्डुवाडीवाल्याला देतो, तो काय करतो मला माहीत नाही. अख्खा टीव्ही घेणारा आणि जागेवर पैसे देणारा कोणी असला तर मला नंबर द्या."

शेडमधला_केमिकलवाला
आमच्या प्लांटला एक टीव्ही आणून दिला तर गेटवरच परत पाठवतील, खोटं कशाला बोलू. टनात माल लागतो. मी अजूनही म्हणतो तोडफोड प्लांटमध्येच झाली पाहिजे, त्याच्यावर मी मागे हटणार नाही, स्क्रू काढता काढता कधी ट्यूब फुटते आणि कधी बॅटरी पेट घेते ते मी बघितलंय. पण मध्ये कोणीतरी रोज रोखीने माल घेऊन साठवणारा पाहिजे हे मान्य. किलोच्या त्या 22 रुपयातले चार-पाच रुपये अख्खा माल आणणाऱ्याला मिळाले तर तो फोडणार नाही.

कुर्ला_ते_कल्याण
चार-पाच नाही, तांब्याच्या कॉईलचे जेवढे सुटतात तेवढे तरी द्या. नाहीतर फोडणारच.

मुठाकाठची
सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात जातेय. आमच्या वॉर्डात सुक्या कचऱ्याची शेड आहे, तिथे एक कोपरा आणि वजनकाटा मिळतो का विचारते. काकांना पण बरोबर नेतेय, भाव त्यांनीच सांगू दे. कॉईलचा नक्की किती सुटतो तेवढं कोणीतरी इथे लिहा.