घरच्या म्हाताऱ्या माणसाचं कोण करतं? अनुभव लिहा

आमच्या दारव्ह्याकडे तेरवीला किती पानं वाढायची हे माणूस जिवंत असतानाच ठरतं. अंथरुणाला खिळल्यावर त्याला उचलायचं कोणी, हे मात्र कोणी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो. म्हणून हा धागा. सल्ले नकोत, तुमच्या घरी काय झालं ते लिहा. पैशाचंही लिहा, लाजू नका. सुरुवात मी करते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सासूबाईंना लकवा मारला, उजवी बाजू गेली. नऊ दिवसांनी दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती आणि माझ्या हातात गोळ्यांची चिठ्ठी. नळीतून भरवायचं कसं ते नर्सताईंनी दोनदा दाखवलं: डोक्याकडून उंच करायचं, गाळलेलं पातळच द्यायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. कूस बदलण्याचं कोणी बोललं नाही. घरी आल्यावर अकराव्या दिवशी लुगडं बदलताना माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. मला वाटलं, घामोळं. गावची आशा सेविका म्हणाली, "वहिनी, हे बेडसोअर आहे, पडून पडून होणारी जखम, दर दोन तासांनी कूस फिरवा."

तेव्हापासून भिंतीवर पोराच्या वहीचं पान चिकटवलं आहे: डावी, उताणी, उजवी आणि पुढे वेळ. रात्री दहा ते दोन आमचे हे, दोन ते सहा मी. हवेची गादी आणली, पण लाइन गेली की ती बसते, आणि लाइन जाते ती रात्रीच. मग घरच्याच कापसाच्या दोन उशा भरल्या. एक पाठीशी, एक गुडघ्यांच्या मधात. टाचा अधांतरी राहाव्या म्हणून पोटरीखाली चादरीची घडी. खाली ट्यूबसारखं रिंगण ठेवा असं तिघांनी सांगितलं होतं, ठेवलंही. फिजिओवाल्या भाऊंनी पाहताच काढायला लावलं. त्याने कडेकडेचं रक्त अडतं म्हणे. डाग फुटला नाही, गेला. माझी कंबर गेली.

घर मोर्शीजवळ, नोकरी पुण्यात

मी पैसे पाठवणारा भाऊ आहे, म्हणजे या धाग्यातला खलनायकच. बाबांना विसराळूपणा नाही, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार आहे, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. संध्याकाळ झाली की ते संत्र्याच्या बगीच्यात ओलित करायला निघतात. बगीचा 2019 मध्येच वाळला, तोडला. ताईचं सासर चार किलोमीटरवर, म्हणून सगळं ताईवर. मी पाठवतो त्याचा हिशेब घरात सगळ्यांना पाठ, ताईच्या फेऱ्या कोणी मोजत नव्हतं. शेवटी ताईच बोलली, तेही माझ्याशी नाही, माझ्या बायकोशी. आता दोन एकराच्या मक्त्याचे पैसे थेट ताईच्या खात्यात जातात. दाराला बाहेरून कडी आणि बाबांच्या बंडीच्या आत माझा फोन नंबर शिवलेला.

खामगाव, निवृत्त शिक्षक

आमच्या वडिलांनी 2016 मध्ये धाकट्याच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. वर्षभरात ताट वेगळं झालं, मग ताटच बंद. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कलम 23 प्रमाणे देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळू शकते. आमच्या कागदात ती अटच नव्हती! मुद्रांकावर चतुःसीमा होत्या, विहिरीतला हिस्सा होता, "सांभाळ करील" हे दोन शब्द नव्हते. जमीन गेली ती गेली. निर्वाह भत्ता बांधून मिळाला. कायद्यात तो महिना 10,000 पर्यंतच आहे, आणि आमचा त्याच्या जवळपासही नाही.

अकोट तालुका

मी सोताच बुढा हाव, वय 74. (एस्टीचं फुकट तिकीट पुढच्या वर्षी, तवालोक अर्ध.) तुमी सारे बुढ्याबद्दल लिहून राह्यले, बुढ्याले कोनी इचारलं काय? म्या अखजीले दोनी पोरं, सुना, पोरगी बसवली अन् सांगतलं, मले नागपूरले मशीनवर ठेवू नका. थोरली सून म्हने, मामाजी, सनावाराचं काहून असं बोल्ता. म्या म्हनलं, सनालेच तुमी सारे एका जागी घावता. मंग मशीनवर ठेवू नका असा कागद केला. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. सुप्रीम कोर्टानं 2018 ले हे मान्य केलं, तवा मॅजिस्ट्रेटची सही लागे, 2023 ले सोपं केलं. एक कागद पेटीत, एक डॉक्टरपाशी. हरभऱ्याचे पैसे पोरीसंग जॉइंट खात्यात टाकले. पोरांइले राग आला. येऊ द्या.

भंडारा जिल्हा, आशा सेविका

सत्तरी ओलांडलेल्यांची आयुष्मान कार्डं काढताना घरोघरी एकच समज, आता डायपरपासून सगळं फुकट. तसं नाही. वर्षाला 5 लाख, पण भरती झाल्यावरचे. घरच्या सांभाळाचं तुमचं तुम्ही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500, त्याच्या केवायसीला अंगठा उठत नाही. जन्मभर रोवणी केलेल्या बाईच्या बोटावर रेषा उरतात कुठे? चेहऱ्यावरून होतं का, हे सेंटरवर आधी विचारा, मग म्हातारीला ऑटोत बसवा.

दारव्हा, पुन्हा मी

अकोटच्या मामाजींचं अखजीचं वाचून ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी बहिणीला फोन लावला. नणंद आली, चार दिवस राहिली. दुसऱ्या रात्री दोनची पाळी तिने घेतली. सकाळी चहा घेताना म्हणाली, "वहिनी, तुम्ही झोपता कधी?" मी काही बोलले नाही, दूध उतू चाललं होतं. कापूस वेचणीचे पंधरा दिवस ती येणार आहे. भिंतीवरच्या पानावर दोन ते सहाच्या पुढे तिचं नाव तिनेच लिहिलं, पोराच्या पेन्सिलीने.