ऑफिसातला झेड ड्राइव्ह सारखा तुटतोय, मदत हवी आहे

मिरजेचा_करसल्लागार
कुणीतरी लवकर सांगा. झेड ड्राइव्हवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या शेअर फोल्डरवर, लाल फुली येते आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडतं. पुन्हा उघडावं तर कधी चालतं, कधी नेटवर्क पाथ सापडत नाही म्हणून सांगतं. हार्डवेअरवाला आला की सगळं नीट चालतं, तो पैसे घेऊन जातो आणि परत तेच. २० तारखेच्या आत पक्षकारांचे जीएसटीचे थ्री-बी रिटर्न भरायचे आहेत. काय करू?

तारवाला
सर्व्हर कुठला? विंडोज कुठलं? वायर की वायफाय? एकाचंच तुटतं की सगळ्यांचं?

मिरजेचा_करसल्लागार
सर्व्हर वगैरे नाही हो. माझ्या टेबलावरच्या पीसीतला फोल्डर बाकीच्यांना शेअर केलाय. विंडोज १०. वायरच आहे.

ढगात_सगळं
गूगल ड्राइव्हवर टाका आणि मोकळे व्हा. आम्ही कधीच शेअरिंग बंद केलं.

जुना_लेखनिक
टॅलीचा डेटा सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवायला सांगू नका! दोघांनी एकाच वेळी एकच कंपनी उघडली की डेटा खराब होतो. ऐन रिटर्नच्या दिवसांत कुणाला असला सल्ला देता?

ढगात_सगळं
आमच्याकडे व्यवस्थित चालतं.

जुना_लेखनिक
तुमच्याकडे एन्ट्री एकच जण करत असेल.

नास_घ्या
दोन डिस्कचा नास, म्हणजे नेटवर्कला लागणारा स्टोरेजचा डबा घ्या, रेड १ लावा, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा राहतो. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही.

तारवाला
त्यांची डिस्क गेलेली नाही. आणि नास घेतला तरी तो त्याच नेटवर्क स्विचला, म्हणजे सगळ्या पीसींच्या वायरी जिथे लागतात त्या डबीलाच लागणार ना? आधी बिघाड कुठे आहे ते बघू.
करसल्लागार साहेब, लाल फुली आणि टॅली बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५ मिनिटं वापर नसला की विंडोज स्वतःच कनेक्शन सोडतं. तेव्हा फुली दिसते, डबल क्लिक केलं की ड्राइव्ह परत लागतो. त्यात बिघडलेलं काही नाही. पण फाइल उघडी असेल तर ते असं सोडत नाही. म्हणजे टॅली पडतं तेव्हा नेटवर्कची लाइनच तुटत असणार. एका मशीनवर तुमच्या पीसीला पिंग लावून ठेवा, म्हणजे ते सारखं उत्तर येतंय का तपासत राहील, आणि कधी तुटतं ते बघा.

मिरजेचा_करसल्लागार
बरं, लावतो. शिवाय नवीन लॅपटॉपवर ड्राइव्ह लागतच नाही. गेस्ट अ‍ॅक्सेस ब्लॉक केलाय असं काहीतरी येतं.

झटपट
एसएमबी १, म्हणजे विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, चालू करा, होऊन जाईल.

जुना_लेखनिक
अजिबात करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ मधल्या भोकातून पसरला होता. आणि या अडचणीशी त्याचा संबंधही नाही.

तारवाला
लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो २४एच२ असेल. त्यात बिनपासवर्डाचं शेअरिंग मुळातच बंद असतं. तुमच्या पीसीवर एक वेगळा यूजर करा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डरची परवानगी द्या आणि लॅपटॉपवर त्याच नावाने लॉगिन करा. सुरक्षा सैल करू नका.

साताऱ्याहून
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमचा प्रिंटरही तेव्हापासून शेअर होत नाही, त्यावर काही उपाय?

तारवाला
त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बघू.

मिरजेचा_करसल्लागार
पिंग लावलं. दुपारी लाइट गेली आणि लगेच आली, तेवढ्यात सगळ्यांचं एकदम तुटलं. पीसी चालूच होते, ते यूपीएसवर आहेत.

तारवाला
स्विच आणि राउटर?

मिरजेचा_करसल्लागार
ते भिंतीवरच्या प्लगला.

तारवाला
मग तेच. लाइट क्षणभर गेली तरी स्विच बंद होऊन परत सुरू होतो, आणि टॅली तेवढा वेळ थांबत नाही. हार्डवेअरवाला येतो तेव्हा लाइट असते, म्हणून त्याला काही सापडत नाही. ड्राइव्ह मॅप करताना, म्हणजे जोडताना, पीसीचं नाव टाकलंय की आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता?

मिरजेचा_करसल्लागार
आयपी. १९२.१६८.१.५. पण आत्ता माझा पीसी शेवटी ८ दाखवतोय.

तारवाला
राउटर परत सुरू झाला की पीसीला नवा आकडा देऊ शकतो, म्हणून पाथ कधी सापडतो, कधी नाही. राउटरमध्ये तुमच्या पीसीला ५ राखून ठेवा. स्विच आणि राउटर आजच यूपीएसवर घ्या, दोन्ही मिळून फार वीज खात नाहीत.

जुना_लेखनिक
आणि प्रत्येक कंपनीचे आकडे एकदा ताडून बघा. एन्ट्री अर्धवट राहिली असेल तर रिटर्न भरायच्या आधी कळायला हवं. रोज संध्याकाळी बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेत जा.

मिरजेचा_करसल्लागार
दोन्ही यूपीएसवर घेतले, आयपीही राखून ठेवला. संध्याकाळी लाइट गेली तेव्हा टॅली चालूच राहिलं, जीव भांड्यात पडला. आकडे ताडतोय. फक्त लॅपटॉप पासवर्ड घेत नाही.

तारवाला
पिन टाकताय का? नेटवर्कवर पिन चालत नाही, त्या नव्या यूजरचा पासवर्डच लागतो. नावाआधी तुमच्या पीसीचं नावही लिहा.

मिरजेचा_करसल्लागार
लागला! मनापासून आभार.