सांवेरजवळची शेती: पाणी आणि मातीचा कस कसा टिकवावा?

प्रश्न (माळवी शेतकरी): आमची मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यातील सांवेरजवळ अकरा बिघे काळी जमीन असून खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू, हा क्रम वडिलांच्या काळापासून चालू आहे. कूपनलिका दरवर्षी अधिक लवकर आटते. आणखी खोल जावे की दुसरा मार्ग आहे?

उत्तर (राजवाडाकर): खोल जाण्यात अर्थ नाही, कारण माळव्याच्या बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठते. शेजारच्या देवास जिल्ह्यात 2006 पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात तळी खोदून पावसाचे पाणी अडवले आणि त्यावर रब्बीचे ओलित वाढवले. ते एकदा जाऊन पाहावे. तळ्यात थोडी जमीन जाते, हे मात्र आधीच घरात मान्य करून घ्यावे.

उत्तर (जुनी इंदूरकर): गव्हाचे काड (इकडची नरवाई) आपण जाळता का? आपल्याच इंदुरात 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ओलसर ठेवून आणि अधूनमधून उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली, जी जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आपण मात्र काडेपेटी काढतो!

माळवी शेतकरी: गेल्या वर्षापर्यंत जाळत होतो. गुरे दोनच उरली आहेत; तेवढ्या शेणात एका बिघ्याचे काड तरी कुजेल का?

जुनी इंदूरकर: शेण मुख्यतः विरजणासारखे लागते. एका खड्ड्यापासून सुरुवात करावी.