विमानात कॅमेरा न्यायचा तर ट्रॉली नकोच, पाठीवरची बॅग घ्या

रामबागकर:
११ वर्षं लग्नं शूट करतोय, इंदूरहून विमान नेहमीचंच. माझं ठाम मत आहे की कॅमेऱ्यासाठी चाकांची कडक पेटी घेऊ नये. देशांतर्गत विमानांत बहुतेक कंपन्या केबिनमध्ये ७ किलो आणि साधारण ५५ × ३५ × २५ सेंमी एवढीच बॅग चालवून घेतात. नावाजलेली पेलिकन १५१० ही कडक पेटी रिकामीच ५ किलोंच्या वर भरते. एक कॅमेरा बॉडी आणि ७०-२०० ची लेन्स ठेवली की काटा सातच्या पुढे.

त्यात एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं छोटं विमान. याचे डोक्यावरचे कप्पे लहान. मागच्या लग्नसराईत ऐन शिडीपाशी माझ्या असिस्टंटची ट्रॉली काढून घेतली, खालच्या सामानात टाकायला. आत चार सुट्या बॅटऱ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत, म्हणून पोरगा तिथेच उन्हात गुडघ्यावर बसून एकेक कप्पा उघडत होता, मागे रांग खोळंबलेली. उतरल्यावर पाहिलं तर ८५च्या लेन्सची फोकस रिंग अडकत होती. पाठीवरची मऊ बॅग सीटखाली तरी सरकवता येते.

सुदामानगरकर:
अजिबात पटलं नाही. तुमची पाठ तरुण आहे म्हणून हे सुचतंय. माझ्या कमरेची गादी सरकली ती याच पाठीवरच्या बॅगेनं. पाठीवर असली की कोणी वजन करत नाही, मग माणूस सातच्या जागी बारा किलो भरतो आणि ते ओझं घेऊन चेक-इन, सिक्युरिटी, गेट सगळीकडे उभा राहतो. एअरबससारख्या मोठ्या विमानाच्या कप्प्यात ट्रॉली आरामात बसते. उलट मऊ बॅगेवर कोणीतरी आपली सुटकेस रेटून बसवतं. माझ्या २४-७० लेन्सच्या तोंडावरचं हूड असंच तडकलं. कडक पेटी जड वाटते तर कापडी ट्रॉली घ्या, पण चाकं सोडू नका.

लोकमान्यनगरची:
मी सिरपूर तलावावर पक्षी टिपते. सोनीची २००-६०० एकटीच २ किलोंच्या वर आहे, तेव्हा रिकाम्या बॅगेचं वजन आधी बघा, चाकं नंतर. माझी साधी पाठपिशवी आहे, आत पॅडचा सुटा डबा. बॅग मागितलीच तर डबा उचलून मांडीवर घेते, पिशवी देऊन टाकते. बॅटऱ्या सगळ्यात वर, एकाच पाउचमध्ये, टोकांना टोप्या लावून. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १६ वॉट-तासांची, त्यामुळे १०० ची मर्यादा दूरच राहते. व्हिडिओची मोठी व्ही-माउंट बॅटरी असेल तर मात्र तिच्यावरचा आकडा वाचून घ्या. १०० च्या वर गेली की कंपनीची परवानगी लागते. ट्रायपॉड सरळ चेक-इनला.

रामबागकर:
सुट्या डब्याचं मान्य, असिस्टंटसाठी आजच बघतो. सुदामानगरकर, कमरेचा पट्टा नीट आवळला की भार खांद्यांवरून कमरेवर येतो. तुमच्या बॅगेला तो पट्टा होता का?

सुदामानगरकर:
होता. कमरेलाच तर दुखणं आहे, भाऊ. तुम्ही एटीआरनं जाता, मी दिल्ली-मुंबईच करतो. माझी ट्रॉली माझ्याकडेच राहू दे.